खोटे स्फोट करणारे काका

सिंगापूरमधल्या आमच्या तोआ पायोहच्या ब्लॉकमध्ये वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकांइतकी गावं कुठल्या सेनापतीनेही उद्ध्वस्त केली नसतील, आणि घरात झुरळ निघालं की हेच काका माझ्या बायकोला हाक मारायचे. मूळचे नाशिकचे, पन्नाशीचे, सडेफटिंग. सिनेमातले स्फोट कॉम्प्युटरवर बनवणाऱ्या एका स्टुडिओत ते नोकरीला होते. दोन हजार सालानंतरची पाच-सहा वर्षं आम्हाला त्यांचा शेजार लाभला. धूर दिसला की त्यांचं भान हरपायचं. आमच्या गणपतीच्या आरतीला सगळे टाळ्या वाजवत असताना हे कापरासमोर गुडघ्यांवर बसून कॅमेरा रोखायचे. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, कढईतला भडका पुन्हा बघायला मिळावा म्हणून त्यांनी लागोपाठ तीन प्लेट नूडल्स मागवल्या आणि तिन्ही मला खायला लावल्या. त्यांच्यासोबत सिनेमाला जाणं म्हणजे तर शिक्षाच. नायिकेचा बाप जळत्या घरात अडकलाय, सगळं थिएटर मुसमुसतंय, आणि काका मोठ्याने म्हणणार, "धूर वाऱ्याच्या उलट चाललाय."

एकदा त्यांच्याकडे बेलफास्टवरच्या सिनेमाचं काम आलं. ब्रिटनसोबत राहायचं की आयर्लंडला मिळायचं, यावरून तिथली माणसं वर्षानुवर्षं एकमेकांना मारत होती, त्याची ती गोष्ट. भर बाजारात गाडीतला बॉम्ब फुटतो, एवढा प्रसंग काकांच्या वाट्याला होता. भडका झकास जमला. आमच्याच मजल्यावर एक आयरिश बाई राहायच्या, निवृत्त नर्स. नवरा इथलाच चिनी, तो वारला होता. बाई बेलफास्टच्या आहेत हे कळताच काका लॅपटॉप घेऊन उत्साहाने त्यांच्याकडे निघाले, सोबत मलाही ओढलं. बाईंनी तो भडका दोनदा पाहिला.

"आग नव्हती," त्या म्हणाल्या. "धूळ होती. माझ्या भावाला मी बुटांवरून ओळखलं."

बॉम्ब कोणत्या बाजूचा होता, असं मी विचारून बसलो. बाई चहा ओतायला उठल्या, आणि माझी मलाच लाज वाटली. काकांनी लॅपटॉप मिटला आणि विचारलं, "धूळ कोणत्या रंगाची होती?" बाई परत येऊन बसल्या आणि तासभर बोलल्या. निघताना काकांनी त्यांना शब्द दिला, की तुमचा रस्ता मी खोटा जाळणार नाही.

त्यांनी भडका पुसून टाकला. मग पीठ, खडूची पूड, मिळेल ते कॉरिडॉरमध्ये उधळून त्याचं शूटिंग करत बसायचे. शेजारची चिनी आजी झाडू घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "अंकल, लाइक दॅट कॅनॉट, लाह." म्हणजे, असलं इथे चालणार नाही. काकांनी तिच्या हातातला झाडू घेऊन सगळा मजला झाडून दिला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पीठ उधळलं. स्टुडिओतल्या साहेबाला धूळ काही पसंत पडेना. लोक तिकीट काढून धूळ बघायला येत नाहीत, असं त्याचं म्हणणं. काका हटले नाहीत. नोकरीचा करार संपला तो पुन्हा झाला नाही, इथे राहण्याचा पास रद्द झाला आणि महिन्याभरात काका नाशिकला गेले. विमानतळावरही त्यांना एकच घोर होता, की आपल्या माघारी कोणी तो भडका परत घालू नये.

सिनेमा इथे लागला तेव्हा बाई म्हणाल्या, मला घेऊन चल. भडका होता. केशरी, पडदाभर. मागच्या रांगेतून कोणीतरी "शिओक", म्हणजे झकास, अशी दाद दिली. बाई मांडीवरची पर्स धरून शेवटपर्यंत बसून राहिल्या. मला त्या सिनेमावाल्यांचा फार संताप आला.

रविवारी काकांचा फोन आला तेव्हा बाई आमच्याकडे जेवायला होत्या. फोन स्पीकरवरच होता. धूळ ठेवली का रे, त्यांनी विचारलं. मी बाईंकडे पाहिलं. बाईंना मराठी येत नव्हतं, पण माझा चेहरा बघून त्यांनी फोन आपल्याकडे ओढला.

"ठेवली आहे," त्या त्यांच्या इंग्रजीत म्हणाल्या. "अगदी तशीच, करडी."

पलीकडून काकांनी हळूच विचारलं, की ते बघताना तुम्हाला फार त्रास झाला का?

"झाला," बाई म्हणाल्या. तेवढं एक त्यांनी खरं सांगितलं.