मंगळवारचं पाणी

"हे पाणी तुम्ही कारखान्यातून आणलंत, की घरच्या विहिरीतून?"

कोल्हापूरला माझ्या गाइडनी आकड्यांचा कागद माझ्याकडे परत सरकवला. ओळीने चार मंगळवारी घेतलेल्या नमुन्यांचे आकडे त्यावर होते. आंब्याचा पल्प काढणाऱ्या कारखान्याचं सांडपाणी इतकं स्वच्छ असू शकत नाही, हे मलाही कळत होतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. रत्नागिरीकडच्या पालीजवळच्या एका कॅनिंगच्या कारखान्यात मी केमिस्ट होते. नोकरी सांभाळून पर्यावरणशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करत होते. त्याची अट अशी, की डिसर्टेशन स्वतःच्या कामाच्या जागेवरच करायचं. मी कारखान्याचं सांडपाणी घेतलं. ते मागच्या पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, जायचं.

अशा पाण्याचं मुख्य माप बीओडी. पाण्यातली घाण खाताना जंतू पाच दिवसांत किती ऑक्सिजन वापरतात, ते मोजायचं. घाण जास्त, तर आकडा मोठा. दर मंगळवारी अकरा वाजता मी गटाराच्या तोंडाशी बाटल्या भरायची, बर्फाच्या डब्यात ठेवायची आणि साडेअकराच्या एसटीने रत्नागिरीच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत न्यायची.

"मालकांनी कुणाला पाणी ओतायला सांगितलंय का?" सरांनी विचारलं.

"माहीत नाही."

"मग माहीत करून घ्या. या आकड्यांवर मी सही करणार नाही."

हंगाम संपायला जेमतेम दोन आठवडे होते. माझी नोंदणी त्याच वर्षी संपत होती. आंबे संपले की सांडपाणी संपणार, आणि त्याबरोबर डिसर्टेशनही.

कारखान्याच्या मालकांना सगळे अण्णा म्हणत. परवानगीचं पत्र त्यांनी नाखुशीनेच दिलं होतं. मी सरळ विचारलं.

"मी कशाला सांगू?" ते म्हणाले. "आणि आकडे चांगले आलेत ना? मग रडताय कशाला? लोक नापास झाल्यावर रडतात."

ते खोटं बोलत नव्हते. मला तसं वाटलं; पण वाटण्यावर डिसर्टेशन होत नाही. पुढच्या मंगळवारी मी सकाळी आठपासून कारखान्यातल्या माझ्या लॅबच्या खिडकीत उभी राहिले.

एरवी आंबे कापणाऱ्या बायका साली आणि गर खाली टाकत. थोड्या वेळाने पाइप लावून सगळं गटारात लोटलं जाई. त्या दिवशी पाइप भिंतीलाच लटकत होता. बायकांनी साली हातांनी गोळा केल्या, हाऱ्यांत, मोठ्या टोपल्यांत, भरल्या आणि मागच्या खड्ड्यात नेऊन टाकल्या. कोयींचंही तेच. मग जमीन खराट्याने झाडली, गटार कुंच्याने घासलं आणि शेवटी पाणी सोडलं. अकराला पाच मिनिटं असताना सगळ्या पुन्हा आंबे कापायला बसल्या.

मी खाली गेले. या बायकांची म्होरकी शेवंतीकाकी. पऱ्याच्या खालच्या अंगाच्या वाडीतली.

"काकी, हे दर मंगळवारी करता?"

"मंग? तुमी बाटली घेऊन येता ना."

"अहो, पण मला रोजचं पाणी हवंय."

"रोजचा कशाला? ती बाटली रत्नांग्रीला जाते. थयली मानसा म्हनतील, पालीच्या बाया घान्येरड्या." मग हसून म्हणाली, "पावना येनार म्हटल्यावर आंगन सारवायचा नाय, तर कदी सारवायचा?"

बाकीच्या खुदखुदल्या. कुणीतरी म्हणालं, "बाईंनाच आता कुंचा द्या गो!"

म्हणजे महिनाभर मी कारखान्याचं पाणी मोजत नव्हते. पाहुणीसाठी केलेली तयारी मोजत होते. चूक माझीच होती. वार ठरलेला, वेळ ठरलेली, आणि अंगात पांढरा कोट.

परत लॅबकडे जाताना मात्र दुसरी गोष्ट लक्षात आली. एकाच कारखान्यात, त्याच आंब्यांवर, दोन पद्धतींनी काम होत होतं. मी पुन्हा खाली गेले.

"काकी, बाटल्या आता तुम्हीच भरा. एक दिवस रोजच्यासारखं काम करायचं, एक दिवस मंगळवारसारखं. मी इकडे येणारच नाही."

"आनी नाव खराब झाला तर?"

"तुमचं नाही होणार. लिहिणार मी आहे."

तिने जरा विचार केला. "वास तं आमच्याच दारात येतो," ती म्हणाली. "आना बाटली."

बाटली बुडबुडा न राहू देता कशी भरायची, ते तिला एकदाच दाखवावं लागलं. नुसतं पाणी जास्त ओतल्याने आकडा उतरत नाही ना, हे बघायला बादली आणि घड्याळ दिलं. बादली भरायला किती वेळ लागतो, त्यावरून गटारातून किती पाणी जातं ते निघतं. ते काम अण्णांनी स्वतःकडे घेतलं. विश्वास नव्हता म्हणून.

हंगाम संपला आणि पाठोपाठ शेवटचे निकाल आले. रोजच्या दिवसाचे आकडे पाठ्यपुस्तकात असतात तितके वाईट होते. मंगळवारसारख्या दिवशी ते पुष्कळ खाली यायचे, आणि पाणी जास्त नाही, कमीच लागायचं.

"हातांनी उचलत बसल्या तर आंबे कोण कापणार?" हा अण्णांचा आक्षेप तयार होता. पण बादली त्यांनीच मोजली होती. मे महिन्यात कारखान्याची विहीर दुपारी तळ गाठायची आणि पंप बंद ठेवावा लागायचा. मंगळवारसारख्या दिवशी तो चालू राहिला होता. त्यांनी वहीत दोनदा पाहिलं आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी रोज मंगळवार ठेवा."

सरांनी सही केली. जुने चार मंगळवारही त्यांनी टाकू दिले नाहीत. झालेल्या चुकीच्या खुलाशासकट ते डिसर्टेशनमध्ये गेले. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारलं, "नमुने कुणी घेतले?" मी शेवंतीकाकीचं नाव सांगितलं. ते पहिल्या पानावरही होतं. मी पास झाले.

पुढच्या हंगामात गटाराच्या तोंडाला जाळी बसली, हारे वाढले. मे महिन्यात खालच्या वाडीतल्या बायका पऱ्याच्या कोंडीवर, तिथल्या डोहावर, पुन्हा कपडे धुवायला उतरल्या. काकीने ते मला सांगितलं नाही; कारखान्यावर येताना धुतलेलं लुगडं तेवढं खांद्यावर टाकून आली.

त्यानंतर मी बरेच कारखाने तपासले. नमुने घ्यायला कधी वार सांगून गेले नाही. पहिल्या भेटीला मात्र आठ दिवस आधी कळवून जाते. तिथल्या माणसांना काय काय जमतं, ते त्याच दिवशी दिसतं.