खाली कुणी नसलेला दगड

१९९६ साली मी लातुरात मुलींचं होस्टेल काढलं. गावोगावची मुलं शिकवणीसाठी लातुरात यायला लागली होती आणि घरात खोल्या रिकाम्या होत्या. स्वयंपाकाला बाई हवी म्हणून ओळखीत शब्द टाकला, आणि चारच दिवसांत कमलम्मा दारात उभी राहिली. उंच, काळीसावळी, पन्नाशीच्या आसपासची. मी काही विचारायच्या आत तीच म्हणाली, "ताई, मी ख्रिस्ती हाय. आदी सांगितलेलं बरं. पोरींच्या घरच्यांना चालंल का?"

मी म्हटलं, मला चालतं. दोन पालकांना चाललं नाही, ते मुली घेऊन गेले. बाकीच्या मुली तिच्या हातची भाकरी खाऊन शिकल्या. आज त्यातल्या तिघीजणी नांदेडला डॉक्टर आहेत.

तिचं गाव औशाच्या पलीकडे, त्र्याण्णवच्या भूकंपात गेलेल्या गावांपैकी एक. नवरा शमुवेल सुतारकाम करायचा. भूकंप झाला तेव्हा कमलम्मा लातुरात एका दवाखान्यात आया होती, आठवड्याची पाळी संपवून शनिवारी घरी जायची. त्या गुरुवारी सकाळी बातमी कळली तशी ती निघाली. औशापर्यंत गाडी मिळाली, पुढे ट्रकमध्ये उभी राहून, आणि शेवटचे चार कोस पायी. घराच्या जागी दगडांचा ढीग होता. दुसऱ्या दिवशी जवानांनी शमुवेलला बाहेर काढलं.

पाऊस थांबत नव्हता. प्रेतं ठेवायला जागा नव्हती, वास सुटला होता. मिळेल त्या लाकडावर एकेका सरणात तीस-तीस माणसं जात होती. कमलम्मा तिथल्या साहेबासमोर उभी राहिली. "आमच्यात पुरतात, साहेब." तो बिचारा हात जोडून म्हणाला, "बाई, खड्डे खणायला माणसंच उरली नाहीत हो."

शमुवेल गावाबरोबर जळाला.

तिच्या मनात जे रुतून बसलं ते यानंतरचं. लातूरच्या तिच्या चर्चच्या मंडळीत नागप्पा मास्तर म्हणून सगळ्यात जुने पंच होते. भूकंपात गेलेल्यांसाठी प्रार्थना ठेवली, तेव्हा ते सगळ्यांदेखत म्हणाले, "कर्णा वाजला की मातीत ठेवलेला देह उठतो. जळालेल्याचं काय, ते देवालाच ठाऊक." माणूस दुष्ट नव्हता. त्यांना लहानपणी तसंच शिकवलं होतं.

हे कर्ण्याचं काय, ते मी तिला एकदा विचारलं. ती कणीक मळत होती. "शेवटच्या दिवशी येशू परत यायचा, ताई. कर्णा वाजायचा, मेलेले अंगासकट उठायचे. मग मरण न्हाई, रडणं न्हाई." निलंग्याची गाडी किती वाजता सुटते हे सांगावं तसं तिनं सांगितलं. त्या दिवसाबद्दल तिला शंका कधीच नव्हती. शमुवेल त्यात असेल का, एवढंच तिला कळत नव्हतं.

एका वर्षी जग बुडणार अशी कुठलीशी तारीख पेपरात आली. परीक्षा तोंडावर, त्यात ही बातमी, मुली घाबरल्या. वैष्णवी नावाची मुलगी रडतच स्वयंपाकघरात गेली. कमलम्मा म्हणाली, "ती तारीख देवानं आपल्या पोराला, येशूलाबी सांगितली न्हाई. पेपरवाल्याला कुठून कळली? बस, जेव." सगळ्या जेवल्या.

२००५ च्या मार्चमध्ये एका दुपारी ती माझ्या खोलीत आली. कामं आवरली की ती रोज मागच्या पायरीवर बसून शास्त्र, म्हणजे तिचं बायबल, वाचायची, ओळीखाली बोट धरून, हळूहळू. तेच पुस्तक छातीशी धरलेलं होतं.

"ताई, हितं लिवलंय, समुद्र आपल्यातली मेलेली माणसं परत देईल."

"बरं."

"बरं काय? समुद्रात बुडाल्याला मासे खात्यात. हाडसुदिक राहत न्हाई. तरी देव मागणार आन् समुद्र देणार." तिचा आवाज कापत होता. "मग आगीकडून माझा माणूस मागायला देवाला काय जड हाय?"

 

पुढच्या रविवारी चर्चमधली भक्ती झाल्यावर पंचांची बैठक होती. "संगं चला," म्हणाली, म्हणून मी गेले आणि मागच्या बाकावर बसले. तिनं उभं राहून सांगितलं की ख्रिस्ती कब्रस्तानात शमुवेलच्या नावाचा दगड बसवायचा आहे.

एक पंच म्हणाले, "कमलम्मा, दगड कबरीवर असतो. खाली कुणी नाही, तर दगड कशाला?"

"येशूच्याबी कबरीत कुणी न्हाई," कमलम्मा म्हणाली. "म्हणून तर आपण हितं बसलोत."

 मग तिनं समुद्राचं सांगितलं, मला सांगितलं होतं तसंच, पण आता आवाज कापत नव्हता. सगळे नागप्पा मास्तरांकडे बघायला लागले. ऐंशी ओलांडलेले मास्तर काठीवर जोर देऊन उठले.

"मला शिकवलं ते मी तुला सांगितलं, बाई. शिकवणारा चुकला असंल. मीबी चुकलो. बारा वर्षं तुला तरास झाला." मग त्यांनी विचारलं, "दगडावर काय लिहायचं?"

"नाव, गाव, आन् एक शब्द. उठेल."

ईस्टरच्या, म्हणजे येशू कबरीतून उठल्याच्या दिवशी, सकाळी उजाडताना मंडळी कब्रस्तानात जमली. माझ्या होस्टेलातल्या अकरा मुली आल्या होत्या, केसही न विंचरता. पाळकांनी प्रार्थना केली. दगडावरचं कापड नागप्पा मास्तरांनी काढलं आणि तो शब्द त्यांनीच मोठ्यानं वाचला. ढोलक वाजलं. गाणं कमलम्मानं उचललं. एवढा मोठा आवाज तिच्यात आहे हे मला नऊ वर्षांत कळलं नव्हतं. भिंतीपलीकडून कामाला चाललेल्या बायका थांबून ऐकायला लागल्या. ती रडत नव्हती. मान वर, टाळ्या वाजवत, लग्नात गावं तशी गात होती.

गाणं संपलं तसा एक म्हातारा पुढे आला. त्याची लेकही त्या भूकंपात तशीच जाळलेली. तिच्या नावाचा दगड बसवता येईल का, असं त्यानं पाळकांना विचारलं. मग आणखी एक बाई आली. मग दोघे भाऊ.

दुसऱ्या वर्षी ईस्टरला तिथे सहा दगड होते, आणि सहाही दगडांवर तोच शब्द.