काळ्या कागदातलं औषध

"प्रेशर पाडायचं, पेशंट पाडायचा नाही," असं म्हणत आमच्या मॅडम मनगटावर चापट मारायच्या. चांगली सणसणीत. मुलुंडच्या त्या लहानशा हॉस्पिटलच्या आयसीयूत नवी आलेली प्रत्येक सिस्टर ती चापट खाऊनच शिकली. मीही.

मॅडम हृदयाच्या डॉक्टर, मूळच्या मालवणकडच्या. आवाज असा, की बाहेर उभा असलेला रिक्षावाला मान वळवून बघायचा. चिडल्या की मालवणी सुरू. "घाई कित्याक करतंस गो? खंय जावचा आसा तुका?" आणि पाच मिनिटांनी स्वतःच्या डब्यातली माशाची तुकडी आपल्याला वाढायच्या. अशी माणसं तुम्हीही बघितली असतील.

रक्तवाहिन्या सैल करणारी, शिरेतून द्यायची औषधं म्हणजे त्यांचा खास प्रांत. "ही सगळी गुंड औषधं," त्या म्हणायच्या. "मोकाट सोडलीस तर प्रेशर धाडकन कोसळतं, मेंदू उपाशी, किडनी बसली. कॉलर धरून ठेवायची त्यांची." सिरिंज हळूहळू ढकलणाऱ्या पंपावरचा आकडा थोडाथोडाच वाढवायचा आणि नजर मॉनिटरवर. त्यातलं एक औषध उजेडात खराब होतं, म्हणून त्याची सिरिंज आणि नळी आम्ही काळ्या कागदात गुंडाळायचो. त्या कागदानेच घात केला.

एका दुपारी मानखुर्दहून एक गॅरेजवाला आला. पाठीत कुणी सुरा फिरवतंय असा ओरडत होता. हृदयातून निघणाऱ्या मोठ्या धमनीला आतून चीर गेली होती आणि प्रेशर इतकं चढलेलं, की ती कधीही फुटली असती. मॅडमनी आधी ठोके मंद करायचं औषध दिलं, मग काळ्या कागदातलं सुरू केलं. ऑपरेशनसाठी त्याला मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं होतं. अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत प्रेशर दाबून ठेवायचं, एवढंच आमच्या हातात होतं.

प्रेशरचा आकडा खाली येत होता, तेवढ्यात त्याचा धाकटा भाऊ पडदा सारून आत घुसला.

"ह्यात काय आहे? झाकून काय देताय?"

"औषध आहे. त्याला उजेड चालत नाही. बाहेर थांब," मी म्हणाले.

"येडा समजतेस काय मला? एक्स्पायरी झालेला माल आहे, म्हणून झाकलाय ना?"

त्याने कागद टरकावला. सिरिंजवर तारीख कुठून असणार? मग त्याने नळीच उपटली. चादरीवर रक्त उडालं. हे औषध थांबलं की त्याचा असर लगेच उतरतो. आकडा भराभर चढला आणि पेशंट किंचाळून बेशुद्ध पडला. ती किंचाळी ऐकून बाहेरचे नातेवाईक दार तोडून आत आले. काचा, ट्रॉली, मॉनिटर, सगळ्याची वाट लावली. वॉर्डबॉयचे दात पाडले. माझे केस धरून मला भिंतीवर आपटलं.

मॅडम बेडजवळून हलल्या नाहीत. पेशंटच्या दुसऱ्या हाताला सुई होती, तिला त्या पंप जोडत होत्या. भावाने सलाईनचा लोखंडी स्टँड उचलला आणि त्यांच्या डोक्यात घातला. मग परत घातला. रक्त डोळ्यांत उतरलं तरी मॅडमचं बोट पंपाच्या बटणावरच.

"मार मेल्या मारतंस तर," त्या शांतपणे म्हणाल्या, "पण ह्या नळीक हात लावू नको. तुझो भाव मरतलो."

त्याच्या हातातून स्टँड गळून पडला. मग तोच बाकीच्यांना मागे ढकलायला लागला. पोलीस आले, अ‍ॅम्ब्युलन्स आली. पेशंट काबूत आणलेल्या प्रेशरसह जिवंत गेला.

तो गेल्यावर मॅडम स्टुलावर बसल्या आणि त्यांना भडाभडा उलटी झाली. आता त्यांचंच प्रेशर चढलं होतं. मी पंप ओढला, तर त्यांनी हात आडवा घातला. "माझं पाडू नको. डोक्यात रक्त साचतंय. आता प्रेशर पडलं तर मेंदूला काहीच पोचणार नाही." त्यानंतर त्या नीट काही बोलल्या नाहीत. ऑपरेशन टेबलवरच गेल्या. भाऊ तुरुंगात गेला. मला त्याला माझ्या हाताने बडवायचं होतं. अजूनही आहे.

काही महिन्यांनी तो गॅरेजवाला चालत आला. शर्टाच्या गळ्यातून छातीवरचा व्रण दिसत होता. मागे त्याची बायको.

"सिस्टर, मोठ्या मॅडम कुठे आहेत? त्यांच्यामुळे वाचलो मी."

मी तोंड उघडणार, तोच त्याच्या पाठीमागून बायकोने हात जोडले. मान हलवून नको, नको म्हणाली. घरात त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. माझ्या अंगाचा भडका उडाला होता. पण ती शिवलेली धमनी मॅडमनी राखलेली होती. मी त्याला बसवलं, दंडाला पट्टा बांधून प्रेशर घेतलं. अगदी हवं तेवढं होतं.

"मॅडम गावी गेल्यात," मी म्हणाले.

"मग परत येतो. माझा धाकटा भाऊ दुबईला कामाला गेलाय, तो आला की त्यालाच घेऊन येतो. माझ्यावर फार जीव त्याचा. मॅडमच्या पाया पडल्याशिवाय राहायचा नाही तो."

मी पट्टा सोडवत होते. सोडवलेला पट्टा नीट गुंडाळून ठेवला.

"या घेऊन," मी म्हणाले.