प्रॉम्प्टमधली चांदणी

इनास गेल्याचा फोन आला तेव्हा मी माणिकपूरच्या आमच्या ऑफिसात त्याच्याच खुर्चीत बसलो होतो. तो आजारी पडल्यापासून ती खुर्ची मी दुसऱ्या कुणाला दिली नव्हती, आणि ती त्याचीच आहे असं त्यालाही कधी सांगितलं नव्हतं.

शाळांच्या निकालांचं सॉफ्टवेअर आम्ही दोघांनी उभं केलं. नावाला मालक मी, डेटाबेस सगळा त्याचा. उमेळ्याचा माणूस, सकाळी केळीला पाणी सोडून मग ऑफिसला यायचा. डेटाबेसच्या काळ्या खिडकीत आपण हुकूम टाइप करतो, तिथेच प्रॉम्प्टमध्ये त्याने एक चांदणी, ताऱ्याची खूण, बसवून घेतली होती. सुरू केलेलं काम 'कमिट' म्हणजे पक्कंही केलं नाही अन् 'रोलबॅक' म्हणजे रद्दही केलं नाही, तोवर ती दिसत राहायची. एकदा मी तसाच जेवायला निघून गेलो आणि सगळ्या शाळांचे निकाल अडकून पडले. परत आलो तर इनासने नुसतं पडद्यावर बोट ठेवलं.

"चांदणी असताना उठतोस काय रे? कमिट कर, नाहीतर रोलबॅक कर. मागचे लोक खोळंबतात ना!"

तेव्हापासून मी खुर्चीतून उठलो की तो "चांदणी?" एवढंच विचारायचा, आणि मी चिडायचो.

शेवटचा भेटलो तो त्याच्या ओटीवर. अंगाने निम्मा झाला होता. "बरा झालो की परत घेशील ना?" त्याने विचारलं. त्याचे हात थरथरत होते, त्याच्या जागी नवा माणूस मी मनात हेरून ठेवला होता. नाही म्हणायची हिंमत नव्हती, हो म्हणायची इच्छा नव्हती. "बघू या…" म्हणालो आणि उठलो. त्या वेळी त्याने "चांदणी?" असं विचारलं नाही.

तो गेल्याला महिना झाला, त्या दिवशीच्या मिस्सानंतर, प्रार्थनेनंतर, त्याची बायको फिलूवहिनी चर्चच्या आवारात भेटल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"भाऊ, विरारच्या एका कंपनीने घरून काम देऊ केलेलं त्यांना. तुमच्यासाठी नको म्हणाले. आधी त्याचा शब्द येऊ दे, मी दुसरीकडे गेलो तर त्याची पंचाईत होईल, म्हणाले. रोज विचारायचे, फोन आला काय…"

मला मान वर करता येईना. अजूनही लाज वाटते, आणि ती सांगायला आता तो नाही.

काल त्याच्या मशीनवर बसलो. काम सुरू करायचा हुकूम, नुसतं 'बिगिन' टाकलं. चांदणी आली. बराच वेळ तिच्याकडे बघत राहिलो… मग 'रोलबॅक' लिहिलं, आणि ती गेली.

एकच शब्द लागला.