डाव्या पायाची सवय

क्लच समजून ड्रायव्हरने डाव्या पायाने ब्रेक दाबला आणि आमची गाडी अनसिंगच्या रस्त्यात मधोमध खाडकन थांबली. मागचा ट्रक करकचून ब्रेक मारत वीतभरावर येऊन उभा राहिला.

"मारून टाकतं काय रे मले?" मी ओरडले.

"नाही मावशी. पायाले वाटलं, क्लच हाये."

भाचीच्या सासरच्यांनी मला केनवडला लग्नाला न्यायला ही बिनक्लचची, ऑटोमॅटिक भारी गाडी पाठवली होती. ड्रायव्हर पन्नाशीचा, माझ्या ओळखीचा नव्हता. उजवा पाय नुसता टेकवला की गाडी उसळी घ्यायची. त्याचा डावा हात सारखा गिअरकडे जायचा, मूठ वळायचा आणि काम नाही म्हणून मांडीवर परत यायचा.

"आधी काय चालवत होता?"

"जीप. मालकानं इकली. चढावर ती गुरगुरली का मी गिअर टाकून तिले हात द्यायचो. हे गाडी सारं आपल्या मनानंच करते. हिले मी लागतच नाही."

आमचे बैल विकून वर्षं झाली, तरी सांज झाली की मी त्यांच्या पाण्याची बादली उचलते आणि मग खाली ठेवते.

त्याने डावी चप्पल काढली, जेवायला बसतात तसा पाय दुमडून मांडीखाली घेतला आणि पायालाच म्हणाला, "आता बस इथं गुमान."

पुढे तो एका पायानेच गाडी चालवत राहिला. केनवडला आम्ही दोघेही जिवंत पोचलो, मी आणि तो.