आमच्या घरचा परवलीचा शब्द

सरकारात जुनी व्यवस्था कधी बंद होत नाही, तिच्या शेजारी नवी उभी राहते. एखाद्या खात्याकडून काम होत नसेल तर त्याच कामासाठी दुसरं खातं काढतात, आणि मग दोन्ही खाती मिळून ते काम करत नाहीत. माझी उभी नोकरी दिल्लीत अशा शेजारशेजारच्या खात्यांमधून फाइली फिरवण्यात गेली. त्यामुळे लिनक्स नावाच्या कॉम्प्युटर-सिस्टीमच्या नव्या आवृत्तीनं पडद्यावर ‘सध्याच्या सिस्टीमच्या शेजारी बसवा’ असा पर्याय दाखवला, तेव्हा मला अगदी मंत्रालयात बसल्यासारखं वाटलं. या लोकांना राज्यकारभार कळतो, असं माझं तिथेच मत झालं.

ही पाळी आली ती घरच्या लॅपटॉपमुळे. त्याच्यातल्या जुन्या सिस्टीमनं एक दिवस नोटीस काढली की तुमचं यंत्र नव्या आवृत्तीच्या लायकीचं नाही आणि जुनीकडे यापुढे आम्ही लक्ष देणार नाही. यंत्र चांगलं धडधाकट होतं. चालता-बोलता माणूस नुसत्या जन्मतारखेवरून घरी बसवायचा, त्यातला हा प्रकार. मी स्वतः पुढच्या वर्षी निवृत्त होतोय, तेव्हा ही नोटीस मी जरा मनाला लावून घेतली. मुलगी म्हणाली, “बाबा, नवीन घेऊन टाका ना यार.” पण मी तोवर वाचलं होतं की लिनक्स फुकट मिळतं आणि ते मराठीत चालतं. फुकट आणि मराठी हे दोन शब्द एका वाक्यात आले की माझं डोकं ताळ्यावर राहत नाही.

अडचण एवढीच होती की लॅपटॉप माझा नव्हता, बायकोचा होता. ती दर रविवारी आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या हॉलमध्ये इथल्या मुलांना मराठी शिकवते. दिल्ली, नोएडा, फरीदाबादकडे वाढलेली मुलं. घरी मराठी, दाराबाहेर हिंदी. त्यांचा ‘च’ हिंदी होतो, त्यांना ‘भूख’ लागते, ती ‘नहाऊन’ येतात, आणि सगळ्यांत आधी त्यांचा ‘ळ’ जातो. हिंदीला ‘ळ’ लागत नाही, त्यामुळे या हवेत तो टिकत नाही. बायकोनं त्या एका अक्षरासाठी कंबर कसली होती. चित्रं, शब्द आणि तिच्या आवाजातले उच्चार असा एक मोठा पाठ ती लॅपटॉपवर तयार करत होती. डाळ, केळं, टाळी, मासोळी, सगळं त्यात होतं.

आणि त्या रविवारी पाठ नीट होणं भाग होतं. मंडळाच्या समितीत सूर निघाला होता की मराठीच्या वर्गाला मुलं रडतखडत येतात, तो तास कोडिंगच्या वर्गाला द्यावा. अध्यक्ष स्वतः वर्ग बघायला येणार होते. त्यांना पटलं तर वर्ग राहणार, नाहीतर बंद. बायको त्या आठवड्यात नीट जेवत नव्हती. मी लिनक्सचा विषय काढला तेव्हा ती एवढंच म्हणाली, “अहो, सवत आणा नाहीतर आणखी काय आणा. माझा पाठ रविवारी उघडला पाहिजे.”

मी शब्द दिला. सरकारी माणूस शब्द देतो तेव्हा समोरच्यानं काळजी करायला हवी, पण तिनं माझ्यावर भरवसा ठेवला.

नवी सिस्टीम आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येत होती. म्हणजे सून घरात यायच्या आधी चार दिवस राहून बघायची सोय. मला ही कल्पना इतकी आवडली की मी ते चार दिवस नुसतं बघतच बसलो. सगळं मराठीत होतं. ‘लागू करा’, ‘रद्द करा’, ‘पुढे जाण्यापूर्वी खात्री करा’. आमच्या परिपत्रकांचीच भाषा. फरक इतकाच की इथे ‘लागू करा’ दाबलं की लागू व्हायचं.

मग शेजारी बसवण्याचा मुहूर्त आला. त्यासाठी डिस्कची वाटणी करावी लागते. वरच्या मजल्यावरचे म्हातारे पंजाबी गृहस्थ तेव्हा पेपर परत द्यायला आले होते. त्यांचं घराणं फाळणीत लाहोरहून आलेलं. पडद्यावरच्या दोन रंगांच्या पट्ट्या बघून त्यांनी विचारलं, “ये क्या हो रहा है?” मी म्हटलं, पार्टिशन. त्यांनी चष्मा वर करून त्या पट्ट्या पुन्हा बघितल्या. मग म्हणाले, “भाईसाहब, जो पहले से रह रहा है, उससे पूछ लिया?” मी हसलो, पण बटण दाबायच्या आधी सगळं पुन्हा एकदा वाचून घेतलं हे खरं.

वाटणी सुखरूप पार पडली. आता यंत्र सुरू केलं की ते विचारायचं, जुनीत जायचं की नवीत? मी येणाऱ्या-जाणाऱ्याला हे दाखवायचो. नवी खरोखर चपळ होती. जुनी उठायला इतका वेळ घ्यायची की बायकोनंही हळूहळू मुक्काम हलवला. जुन्या बाजूला पाठाची पहिली चार चित्रं राहिली, पुढचा सगळा पाठ तिनं नव्या बाजूला केला. शनिवारी संध्याकाळी तो पुरा झाला आणि ती किती दिवसांनी पोटभर जेवली. मला स्वतःचा अभिमान वाटला. तिथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं.

पण माझ्यातला अधिकारी जागा झाला. यंत्र घराबाहेर, सार्वजनिक ठिकाणी चाललंय आणि त्याला कुलूप नाही? तोवर नवी बाजू काही न विचारता उघडत होती. मी ठरवलं, परवलीचा शब्द घालायचा आणि तोही मराठीत, देवनागरीत. दिल्लीतल्या कोणा चोराला तो सुचणार नाही. शब्दही झकास सुचला. नव्या सिस्टीमबरोबर आमची नवी वेळ सुरू झाली होती, म्हणून ‘आमची नवी वेळ’, सगळं सलग.

मला देवनागरी टायपिंग येत नाही. मी जन्मभर डिक्टेशन दिलं. मी बोलायचं आणि समोरच्यानं उतरवायचं, याखेरीज लिहिण्याची दुसरी रीत मला ठाऊक नाही. तेव्हा मी मुलीला बोलावलं. तिला आईनं टायपिंग शिकवलंय. ती बाहेर निघायच्या घाईत होती.

“लिही,” मी म्हणालो, “आमची नवी वेळ.”

“वेल?” तिनं विचारलं आणि बाल्कनीकडे बघितलं.

झालं. लहानपणी ही मुलगी ‘कंटाला आला’ म्हणायची. तो किस्सा मी आजतागायत आल्या-गेल्याला सांगत आलोय. दिल्लीत जन्मली, दुसरं काय होणार? मी मनात कपाळाला हात लावला आणि तिला दोनदा मोठ्यानं, सावकाश तो शब्द ऐकवला. तिनं खांदे उडवले आणि लिहिलं. पडद्यावर काळे ठिपके उमटले. शब्द पुन्हा लिहायला सांगतात, तोही तिनं लिहिला. “डन,” असं म्हणून ती गेली.

रविवारी हॉल भरला होता. मुलं पुढे सतरंजीवर, पालक मागे आणि अध्यक्ष खुर्चीत, घड्याळाकडे बघत. बायकोनं लॅपटॉप पडद्याला जोडला. नव्या बाजूनं परवलीचा शब्द मागितला. तिनं झरझर लिहिला. यंत्रानं नम्रपणे कळवलं की शब्द चुकीचा आहे.

तिनं पुन्हा लिहिला. पुन्हा चुकीचा.

“अहो, नक्की हाच ना?”

“हाच,” मी म्हणालो, “आमची नवी वेळ.”

पहिल्या रांगेतली एक चिमुरडी खुदकन हसली. मला वाटलं यंत्राला हसली. बायको एकेक अक्षर दाबत लिहीत होती. तिचे कान लाल झाले होते. अध्यक्ष शेजारच्यांना म्हणाले, “पाहा, हेच तर मी म्हणतो. आधी कॉम्प्युटर यायला पाहिजे.” मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. जुन्या बाजूनं जावं, तर तिथे चार चित्रं होती. त्यात एकही ‘ळ’ नव्हता.

शेवटी बायकोनं मुलीला फोन लावला. रविवारीही तिची गुरुग्रामला ड्यूटी असते. आवाज नीट येईना म्हणून तिनं फोन स्पीकरवर टाकला, आणि मग सगळ्या हॉलनं ऐकलं.

“अगं, काल बाबांनी सांगितलेला शब्द तू काय लिहिलास?”

“आमची नवी वेल.”

मी मान हलवली. दिल्ली, दुसरं काय? मागच्या दोन पालकांकडे बघून मी तसे डोळेही मिचकावले.

“वेळ नाही लिहिलंस?” बायकोनं विचारलं.

“वेळ?” मुलगी म्हणाली. तिचा ‘ळ’ असा काही आला, भरघोस, टाळूला जीभ लावून, की पुण्याच्या माणसानं उठून नमस्कार करावा. “वेळ कशाला लिहू मी? बाबा वेल म्हणाले. मी विचारलं पण, वेल ना? मला वाटलं बाल्कनीत ती मधुमालती लावलीये, तीच. तर बाबा मोठ्यांदा म्हणाले, वेल गं, वेल! आई, मी ठेवू का? मीटिंग आहे.”

बायको माझ्याकडे वळली. चिडलेली नव्हती. वर्गात नव्यानं आलेल्या मुलाकडे बघते तशी बघत होती.

“म्हणा बघू. वेळ.”

“वेल,” मी म्हणालो.

आणि मला ते ऐकू आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला माझं बोलणं ऐकू आलं. मी पुन्हा म्हणून बघितलं. जीभ वर जायलाच तयार नव्हती.

“वेळ!” सतरंजीवरून सगळी मुलं एका सुरात ओरडली. ती खुदकन हसणारी मुलगी तर उठून उभी राहिली. तिनं तोंड उघडून, बोटानं जीभ कुठे लावायची ते मला दाखवलं. “काका, असं. वरती. पाठीमागे.”

ऑफिसात माझा स्टेनो बुलंदशहरचा होता. मी ‘ळ’ म्हणालो की तो थांबायचा, वर बघायचा, कधी ‘ड’ लिहायचा, कधी ‘र’. नावं चुकायची आणि फाइल परत यायची. मग मी त्याच्या सोयीनं बोलायला लागलो. त्याच्या सोयीनं, मग साहेबाच्या, मग दूधवाल्याच्या. मला वाटत होतं की ती बाहेरची सिस्टीम आहे. घरात आलो की मी आपोआप दुसरी सुरू करतो, अशी माझी समजूत होती. घरी कोणी कधी बोललं नाही. बायकोला ठाऊक होतं, हे तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं. मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं.

बायकोनं कीबोर्डकडे वळून ‘आमची नवी वेल’ असं लिहिलं. ‘ल’ दाबताना ती किंचित थांबली. यंत्र उघडलं.

पाठ झाला. मला सतरंजीवर बसवून झाला. केळं म्हणा, टाळी म्हणा, आणि माझं चुकलं की मुलं आनंदानं किंचाळायची. त्या वर्गात इतका उत्साह कधी आला नव्हता, असं बायको नंतर म्हणाली. शेवटी अध्यक्ष उठले. पालक हसत होते, टाळ्या वाजवत होते, त्यामुळे त्यांचाही नाइलाज झाला असावा. “वर्ग बिल्कुल चालू राहील,” ते म्हणाले. “उलट मी तर म्हणतो, आपण बाईंना थोडी वेल वाढवून देऊ.”

मुलांनी एकमेकांकडे बघितलं आणि मग सगळी मिळून अध्यक्षांना सुधारलं.

रिक्षात मी घरापर्यंत सराव करत आलो. वेळ, काळ, डाळ, सकाळ. मेट्रो स्टेशन मागे पडेपर्यंत जीभ वळायला लागली होती. आमच्या आडनावात ‘ळ’ आहे. सोसायटीच्या यादीत, विजेच्या बिलावर, ऑफिसच्या दारावर त्याचा कधीच ‘ल’ झालाय आणि मी त्या हाकेला ओ देत आलोय. फाटकावर नवा गार्ड होता. त्यानं रिक्षा अडवून नाव विचारलं. मी बाहेर वाकलो आणि माझं आडनाव नीट, टाळूला जीभ लावून, माझ्या वडिलांनी सांगितलं असतं तसं सांगितलं.

त्यानं यादीवरून बोट फिरवलं. “इस नाम का तो यहाँ कोई नहीं रहता, साहब.”

मी पुन्हा सांगितलं, आणखी स्वच्छ. त्यानं मान हलवली. मागे गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. बायको दिवसभर बोलून दमली होती. तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, पुढे झुकली आणि आमचं आडनाव ‘ल’ लावून सांगितलं.

“अच्छा अच्छा, वो!” गार्ड म्हणाला, आणि त्यानं फाटक उघडलं.