हिरवी वायर

चौसाळ्याच्या अलीकडे एसटी पंक्चर होऊन थांबली होती. मी रस्त्याच्या कडेला उभा राहून मनातल्या मनात ड्रायव्हरचा उद्धार करत होतो, तेवढ्यात गजाननचा फोन आला. गजानन आमच्या ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवतो. त्या दुपारी धारूरला एका लग्नात आमचा कार्यक्रम होता, आणि मला उशीर झालेला. वाटलं, झापायलाच फोन केला असणार. तो एवढंच म्हणाला, "संतोष, नाथाला करंट बसला." मी विचारलं, "लई बसला का?" तो म्हणाला, "गेला बे."

त्याला आता दोन महिने होतील. या दोन महिन्यांत नांदूरघाटच्या चहाच्या टपरीवर, केजच्या बसस्टँडवर, अगदी त्याच्या दहाव्यालासुद्धा मी एकच वाक्य ऐकलं. मोटारी भरणारा माणूस, गिटारीच्या नादाला लागला आणि स्वतःच्याच वायरिंगनं मेला. हे खोटं आहे. ते खोटं आहे हे फक्त मला ठाऊक होतं आणि मी तोंड शिवून बसलो होतो. नाथाबद्दल लिहायचं तर ते तोंड आधी उघडायला हवं.

नवनाथ, म्हणजे आमचा नाथा, नांदूरघाटला विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरायचा, म्हणजे त्यांचं रिवायंडिंग करायचा. पत्र्याच्या दुकानात सगळीकडे तांब्याची तार आणि वार्निशचा वास. दहा-बारा वर्षांपूर्वी मी माझी जुनी इलेक्ट्रिक गिटार घेऊन त्याच्याकडे गेलो, ते केवळ नाइलाजानं. तिचा पिकअप, म्हणजे तारांखालचं ते कॉइल जे तारेची थरथर पकडून स्पीकरला देतं, बंद पडला होता आणि शहरातल्या दुकानदारानं नवीनच टाका म्हणून सांगितलं होतं. नाथानं तो उघडला, चष्मा कपाळावर सारून पाहिला आणि म्हणाला, "आरं, ही तर बारकी मोटारच हाय. फकस्त फिरत न्हाई." केसाहून बारीक तार मिळवायला त्याला पंधरा दिवस लागले आणि हजारो वेढे हातानं घालायला आणखी आठ. गिटार वाजली. माझ्यापेक्षा त्यालाच जास्त आश्चर्य वाटलं.

त्यानंतर तो नादच त्याला लागला. आवाजाचं बटण, सूर जाड-बारीक करणारं बटण, दोन पिकअपमधून हवा तो निवडायचा स्विच, सगळं तो खोलून नव्यानं जोडायचा. बँजो पार्टीवाले लांबून यायला लागले. जळालेल्या ट्रान्सफॉर्मरमधली पातळ तांब्याची पट्टी तो गिटारीच्या पोटात आतून चिकटवायचा, म्हणजे बाहेरची घरघर आत शिरत नाही. अर्थिंगच्या सगळ्या वायरी आणून एकाच जागी सोल्डरिंगचा डाग द्यायचा, आणि शेवटची वायर गिटारीच्या तारा अडकवलेल्या पट्टीखाली. त्यामुळे वाजवणाऱ्यानं तारांवर हात ठेवला की उरलीसुरली घरघर गप्प होते. डाग निवला की तो प्रत्येक वायर चिमटीत धरून दोनदा ओढून बघायचा. एकदा नाही, तीनदा नाही. मी एकदा विचारलं, दोनदाच का? "पयल्यांदा डागासाठी, दुसऱ्यांदा माज्यासाठी," असं काहीतरी म्हणाला आणि पुढच्या वायरीला लागला. गाणं मात्र त्याला ओ की ठो कळत नव्हतं. मी कितीही जीव ओतून वाजवलं तरी तो मान तिरकी करून फक्त घरघर ऐकत असायचा. मला राग यायचा. "तुला वाजवता येत न्हाई अन् नाव माज्या वायरीला ठिवतोस," हे त्याचं त्यावरचं ठरलेलं उत्तर.

आणि नाव मी ठेवत होतो, हे खरं. गेल्या वर्षी माझ्या गिटारीतून स्टेजवर घरघर यायची ती काही केल्या जाईना. नाथानं तीनदा गिटार उघडली, तीनदा सगळे डाग नव्यानं दिले. त्याच्या दुकानात ती शांत, स्टेजवर माझ्या अँपला, म्हणजे अँप्लिफायरला, लावली की घूंऽऽ. तो म्हणायचा, "घरघर गिटारीची न्हाई. तुजा अँप अन् त्या साऊंडवाल्याचं मिक्सर, दोघांच्या अर्थिंगचं भांडण हाय ते. मला एकदा येऊन बघू दे." मी त्याला "बहाणे सांगू नको बे" म्हणून चिडवलं. मग एका गॅदरिंगमध्ये दुसऱ्या पार्टीच्या गिटारवाल्यानं मला युक्ती सांगितली. ती आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक असते आणि बरेच जण करतात. अँपचा तीन पिनांचा प्लग खोलायचा, त्यातली अर्थिंगची हिरवी वायर सोडवायची, दुमडून आतच कोंबायची आणि प्लग पुन्हा बंद करायचा. दोन मिनिटांचं काम. मी केलं. घरघर जादू केल्यासारखी गेली.

दुसऱ्या दिवशी नाथाला सांगितलं, "गेली रे घरघर." त्याला वाटलं, त्याच्या तिसऱ्या खेपेच्या डागांनी गेली. काय खुलला होता... स्वतः उठून चहा सांगून आला. बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, हाक मारून सांगितलं, "आगं, जमली बरं का संत्याची गिटार!" त्या क्षणी मी प्लगचं बोलायला हवं होतं. त्याला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही, असं मी पुढे स्वतःला सांगत आलो. खरं कारण साधं आहे. त्यानं मला दुकानातून हाकललं असतं आणि मला तो चहा हवा होता.

धारूरच्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात मी गिटार नवा स्विच बसवायला त्याच्याकडे टाकली होती. "मी गाडीवर घिऊन येतो," तो म्हणाला, "एकदा तरी ती स्टेजवर कशी बोलती ते ऐकू दे." इतक्या वर्षांत तो कधीच कार्यक्रमाला आला नव्हता. अँप आमच्या टेम्पोतून पुढे गेला होता. गजानन सांगतो की अँप मिक्सरला अजून जोडायचा होता. नाथानं गिटार अँपला लावली, खिशातला टेस्टर आधी तारांना टेकवला, दिवा लागला नाही. तेवढ्यात लाइट गेली आणि जनरेटर सुरू झालं. त्यानं टेस्टर पुन्हा लावला नाही. डावा तळवा तारांवर पूर्ण ठेवला, घरघर गप्प होते का ते बघायला, आणि उजव्या हातानं माइकचा दांडा बाजूला सारायला गेला.

अँप मी नंतर घरी खोलला. आत एक वायर घासून सोलली होती आणि पत्र्याला टेकत होती. लाइनवर ती न्यूट्रल, म्हणजे करंट नसलेली, होती, म्हणून टेस्टर गप्प राहिला. जनरेटरच्या बोर्डात जोडणी उलटी होती, तिथं तीच वायर फेज, म्हणजे करंटची, झाली. हिरवी वायर जागेवर असती तर करंट तिच्यातून गेला असता, फ्यूज उडाला असता आणि नाथानं मला चार शिव्या घातल्या असत्या. मग मी गिटारही उघडली. सगळे डाग चकचकीत, सगळ्या वायरी एका जागी, तारांपर्यंतची जोडणी पक्की. ती पक्की होती म्हणूनच करंट त्याच्या तळव्यापर्यंत पोचला, आणि मिक्सरच्या अर्थिंगला जोडलेल्या माइकच्या दांड्यानं त्याला अंगातून वाट दिली. त्यानं त्याचं काम चोख केलं होतं. दुसरं टोक मी तोडलं होतं.

मागच्या रविवारी मी नांदूरघाटला गेलो. दुकान तसंच होतं. वहिनी त्याच्या टेबलाजवळ बसल्या होत्या. त्यांनीच आधी विचारलं, "भाऊजी, लोक म्हंत्यात ह्यांचीच जोडणी चुकली. तुमाला तर ठावं आसंल. चुकली का?" मी पिशवीतून अँपची प्लगवाली वायर काढली, प्लग खोलला आणि दुमडून कोंबलेली हिरवी वायर त्यांना दाखवली. कुणी सोडवली, कधी, का... सगळं सांगितलं. चहाचंही सांगितलं. त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "मंग इतके दिस कावून गप ऱ्हायले?" मी प्लग टेबलावर ठेवला. "लिवा," त्या म्हणाल्या. "सगळ्यांनी वाचावं आसं लिवा. तुमचं नाव घालून."

मी उठायला लागलो तर त्यांनी नाथाचा स्क्रू ड्रायव्हर माझ्यापुढे सरकवला आणि प्लगकडे बोट केलं. स्क्रू माझ्या हातून दोनदा खाली पडला. तिसऱ्यांदा बसला. हिरवी वायर तिच्या जागी घट्ट केली. वहिनींनी प्लग माझ्या हातातून घेतला, उजेडाकडे धरला, ती वायर चिमटीत पकडली आणि ओढली. मग पुन्हा एकदा ओढली.

वायर निघाली नाही.